गाडी चालवताना मेसेज करणारे कॅमेऱ्यात कसे सापडतात? गोव्यात हे आणायचं तर कसं?

मांडवीकाठ (धागाकर्ती)

फोंडा-पणजी रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या कुणालाही विचारा, हल्ली सगळ्यात जास्त भीती कुणाची वाटते. मान खाली घालून गाडी चालवणाऱ्याची. दारू प्यायलेल्याची गाडी लांबूनच झोकांड्या खाताना दिसते, आपण बाजूला होतो. हा मात्र सरळ येत असतो, वेगही बेताचा असतो, आणि पुढे पोदेर (पाववाला) सायकल वळवतो तेव्हा ह्याचा अंगठा स्क्रीनवर असतो.

हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. ‘पोचतोच, दहा मिनिटं’ एवढं लिहायला पाच सेकंद धरले तरी गाडी ८० मीटरच्या वर गेलेली असते. बाजाराच्या दिवशी बाणस्तारीला ८० मीटरांत किती माणसं रस्ता ओलांडत असतात ते तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको.

केंद्र सरकारच्या नोंदीप्रमाणे २०२१ साली देशभरात गाडी चालवताना मोबाइल वापरल्यामुळे १,९९७ अपघात झाले आणि त्यांत १,०४० माणसं गेली. हा आकडा फक्त जे कागदावर आलं त्याचा आहे. अपघातानंतर टायरच्या खुणा मोजतात, दारूची तपासणी होते. फोन मात्र सीटखाली पडलेला असतो, नाहीतर कुणीतरी उचलून खिशात घातलेला असतो. चालवणारा स्वतःहून सांगणार नाही आणि पंचनामा करणाऱ्याकडे विचारायला साधन नाही.

दारूसाठी फुंकायचं यंत्र आहे, वेगासाठी गन आहे. मेसेजसाठी नाक्यावरच्या पोलिसाचे डोळे एवढंच होतं. ते बदललं ऑस्ट्रेलियात. २०१३ साली अमेरिकेत एका सायकलस्वाराला गाडीने उडवून ठार केलं, चालवणाऱ्याचं रस्त्याकडे लक्ष नव्हतं. त्या सायकलस्वाराच्या इंजिनिअर मित्राने, अलेक्झांडर जॅनिंकने, पुढे अ‍ॅक्युसेन्सस ही कंपनी काढली आणि काचेतून आत बघणारा कॅमेरा तयार केला. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात २०१९च्या पहिल्या सहामाहीत चाचणी झाली. ८५ लाख गाड्या तपासल्या, एक लाखाहून जास्त चालक फोनसकट सापडले. १ डिसेंबर २०१९पासून तिथे ते कायमचं सुरू झालं.

आपल्याकडे मेर्शी जंक्शनला २०२३ साली एआयवर चालणारी वाहतूक यंत्रणा बसली. सिग्नल तोडणं, हेल्मेट नसणं, सीटबेल्ट नसणं हे ती टिपते. फोन धरलेला हात टिपणं ही पुढची पायरी आहे आणि ती बरीच अवघड आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. मला हे कॅमेरे गोव्यात हवे आहेत. पण यंत्राने फक्त संशयाचा फोटो बाजूला काढावा, तालांव (दंडाचं चलान) द्यायचा की नाही ते माणसाने फोटो बघून ठरवावं, आणि ज्याला तालांव आला त्याला तोच फोटो न मागता मिळावा. एवढं जमत नसेल तर यंत्र बसवू नये. आमच्या ग्रामसभेत हा विषय मांडणार आहे, म्हणून जाणकारांनी लिहावं. विरोध असेल तर तोही लिहावा.

---

साखळीचो_अर्जुन

वाचतोय. फार गरजेचा विषय. आमच्याकडे शाळेच्या वेळेला नाक्यावर उभं राहा, दर दुसऱ्या-तिसऱ्या स्कूटरवाल्याच्या हेल्मेटमध्ये फोन खोचलेला दिसेल.

---

सिडनीतला_पेडणेकर

ताई, मी त्याच राज्यात राहतो, म्हणून यंत्र कसं चालतं ते थोडं सविस्तर लिहितो.

रस्त्यावर कमानीसारखा खांब असतो, नाहीतर कडेला ट्रेलर उभा करतात. एक कॅमेरा नंबरप्लेट घेतो. दुसरा उंचावरून, बराच तिरका खाली बघत, समोरच्या काचेतून आत बघतो. त्या तिरकेपणातच सगळं आहे. कानाला लावलेला फोन कुठूनही दिसतो, पण मेसेज करणारा फोन मांडीवर नाहीतर स्टिअरिंगच्या खाली धरतो. समोरून सरळ फोटो काढला तर डॅशबोर्ड आड येतो. वरून बघितलं की दोन्ही हात आणि मांडी दिसते.

काचेवर आभाळाचं प्रतिबिंब पडतं, ते मारायला लेन्सवर फिल्टर असतो. रात्रीसाठी इन्फ्रारेड फ्लॅश असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे चालवणारा दिपत नाही. गाडी जोरात असली तरी फोटो हलत नाही. मग सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो बघून ‘फोन असण्याची शक्यता किती’ ते ठरवतं. शक्यता कमी असेल तर फोटो पुसला जातो, इथल्या सरकारच्या म्हणण्याप्रमाणे साधारण तासाभरात. जास्त असेल तर माणसाकडे जातो.

पहिले तीन महिने नुसती ताकीद होती, घरी पत्र यायचं. १ मार्च २०२०पासून दंड सुरू झाला: ३४४ डॉलर, शाळेजवळ ४५७, आणि लायसन्सचे पाच पॉइंट गेले. लोकांना पैशापेक्षा पॉइंट जास्त झोंबतात. नवशिक्या पोरांच्या लायसन्सवर एकूण चारच पॉइंट असतात, म्हणजे एकदा फोन सापडला की लायसन्स गेलं. माझ्या ओळखीच्या घरांमध्ये आईबाप मुलांना गाडीची किल्ली देताना आधी फोन कुठे ठेवलाय ते विचारतात.

पहिल्या आठवड्यात ७,७३,५३२ गाड्यांमागे ३,३०३ सापडले. म्हणजे साधारण २३४ गाड्यांत एक. चाचणीत हेच प्रमाण ८५ गाड्यांत एक होतं. लोकांना कळलं होतं, एवढाच त्याचा अर्थ मी काढतो.

---

आकडेमोड

पेडणेकरांनी दिलेल्या आकड्यांवरूनच एक गोष्ट दाखवतो. ‘यंत्र ९९ टक्के अचूक’ अशी जाहिरात उद्या आपल्याकडेही येईल.

समजा १०,००० गाड्या गेल्या. चाचणीतलं प्रमाण धरलं तर साधारण ११८ जण खरोखर फोनवर असतील. उरलेल्या ९,८८२ निर्दोष माणसांपैकी यंत्र फक्त एका टक्क्याला चुकून दोषी म्हणालं, तरी ते ९९ झाले. म्हणजे यंत्राने बाजूला काढलेल्या सुमारे २१७ फोटोंत जवळपास निम्मे निर्दोष. चुकण्याचा एक टक्का मी उदाहरणासाठी धरलाय, पण मुद्दा तोच राहतो: गुन्हा जितका विरळा, तितकी पकडलेल्यांत निर्दोषांची भर जास्त. आणि लोक सुधारले की प्रमाण २३४ला एक होतं, तेव्हा तीच चूक आणखी महाग पडते.

म्हणून माणसाची तपासणी हवी हे मांडवीताईंचं म्हणणं बरोबर आहे. पण तेवढ्याने भागत नाही. नेदरलँड्समध्ये एका गृहस्थाला ३८० युरोंचा दंड आला. त्याने फोटो मागवून बघितला तर तो डोकं खाजवत होता, हातात काहीच नव्हतं. तो स्वतः फोटो वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामातला, त्यामुळे घोळ कुठे झाला ते त्याने नीट समजावून लिहिलं आणि २०२४च्या सुरुवातीला त्याच्या बातम्या झाल्या. तिथेही माणूस फोटो बघतोच, तरी हा दंड निघाला. दिवसभर हजार फोटो बघणारा माणूस यंत्राने ‘फोन’ म्हटलंय म्हणजे फोनच असणार असं धरून चालतो. त्याला यंत्राचं उत्तर न सांगता फोटो दाखवावा, आणि मधूनमधून मुद्दाम निर्दोष फोटो घुसवून तो काय म्हणतो ते तपासावं. हे तुमच्या मागणीत घाला.

---

वकीलबाई_मडगाव

कायद्याची बाजू थोडक्यात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये धोकादायक चालवण्याच्या यादीत हातात धरायचं संपर्क साधन वापरणं २०१९च्या दुरुस्तीने स्पष्ट घातलं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा केलं तर १०,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कलम १३६अ ने इलेक्ट्रॉनिक देखरेखीला आधार दिला आणि त्याखाली ऑगस्ट २०२१मध्ये नियम १६७अ आला. कॅमेऱ्यावर कोणकोणते गुन्हे टिपता येतात त्या यादीत फोनचा गुन्हा आहे. यंत्राला मंजुरीचा दाखला हवा, तो दर वर्षी नवा करायला हवा. रस्त्यावर ‘इथे कॅमेरा आहे’ असा ठळक फलक हवा. नोटीस १५ दिवसांत जायला हवी, आणि नोटिशीसोबत गुन्हा व नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो हवा असं त्या अधिसूचनेतच लिहिलंय. म्हणजे ताईंची फोटोची मागणी कुणाकडून मेहेरबानी म्हणून मागायची नाही.

आता गुंतागुंत. ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या नियमाने रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला परवानगी आहे, चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. फोटो एका क्षणाचा असतो. बोट स्क्रीनवर आहे, तर नकाशा मोठा करत होता की उत्तर लिहीत होता? फोटोवरून सांगता येत नाही. हातात धरलेला फोन असेल तर वाद कमी, स्टँडवर लावलेला असेल तर वाद होणारच. कोर्टात हा मुद्दा मी स्वतः मांडेन.

---

दोनचाकी_पर्वरी

वकीलबाईंनी जे लिहिलं ते आमचं रोजचं आहे. मी जेवण पोचवायचं काम करतो. फोन हँडलला स्टँडवर असतो. ऑर्डर आली की स्क्रीनवर सेकंद उलटे पळायला लागतात, तेवढ्यात बोट सरकवलं नाही तर ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. पर्वरीला पुलाच्या कामातून गाडी काढताना ती टिकटिक सुरू झाली की काय करायचं? एका बाजूला पत्रे, दुसऱ्या बाजूला ट्रक, थांबायला जागाच नाही. बरोबरचे सगळे बोट सरकवतात. पावसात ओल्या बोटाने स्क्रीन ऐकत नाही, मग ग्लोव्ह दाताने काढायचा. हे मी डोळ्यांनी रोज बघतो.

कॅमेरा लावा, माझी हरकत नाही. पण तालांव माझ्या नावावर येणार आणि गाडी हलत असताना ऑर्डर दाखवणारा मोकळा राहणार. फोनला कळतं की गाडी चालू आहे, जीपीएस आहे त्यात. चाक थांबल्याशिवाय ऑर्डर दिसायलाच नको, असं सॉफ्टवेअर बनवायला सरकारने भाग पाडावं.

---

मांडवीकाठ

दोनचाकीदादा, तुमचा प्रतिसाद मागणीत शब्दशः घालते. फोनवरच अडवता आलं तर कॅमेऱ्याची वेळच येणार नाही. आयफोनमध्ये २०१७पासून गाडी चालवताना सूचना बंद ठेवायची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे. फोनला वेग कळतो, तो चालवणाऱ्याच्या हातात आहे की मागच्या सीटवर ते कळत नाही, हे त्यामागचं कारण. तुमच्या बाबतीत ती अडचण येत नाही. डिलिव्हरीचं अ‍ॅप गाडी चालवणाऱ्याच्याच हातात असतं हे कंपनीला पक्कं माहीत आहे.

---

रेंटवाला_म्हापसा

विरोध लिहा म्हणालात म्हणून लिहितो. माझ्या काळ्या प्लेटच्या स्कूटर भाड्याने जातात. पर्यटक एका हातात फोन धरून, नकाशा बघत, एका हाताने चालवत हणजूणला जातो. त्याला रस्ता माहीत नाही, गाडी ओळखीची नाही, आणि आपल्या रस्त्यांवर वळणाला माड आड येतो. तो गावी परत गेल्यावर महिन्याने तालांव माझ्या नावावर दिसतो. मी भरतो, कारण नाही भरला तर गाडीचे कागद अडतात.

एकदा फोटो बघायला मिळावा म्हणून ऑफिसात गेलो, तर आधी पैसे भरा मग बघू असं सांगितलं. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, पण असं होतं. फोन टिपणारे कॅमेरे आले तर आमच्या धंद्यावर सगळ्यात आधी पडतील.

---

वकीलबाई_मडगाव

दादा, कलम १३३प्रमाणे त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते कळवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. तेच तुमचं संरक्षणही आहे. भाडेकरार, लायसन्सची प्रत, गाडी दिल्याची व परत आल्याची वेळ एवढं नीट असेल तर लेखी कळवा आणि पोच घ्या.

---

रेंटवाला_म्हापसा

कळवलं तरी पुढे काय? परराज्यातला माणूस तालांव भरत नाही आणि ऑनलाइन नोंद माझ्याच गाडीवर राहते. कागदावरचं संरक्षण काउंटरवर चालत नाही बाई.

---

आकडेमोड

हा प्रश्न खरा आहे आणि यंत्राने सुटणारा नाही. नोंद गाडीवरून चालकाच्या लायसन्सवर हलवायची सोय पोर्टलवर असायला हवी. ती नसेल तोवर भाड्याच्या गाड्यांपुरतं तरी नाक्यावर थांबवून जागीच तालांव देणं बरं.

---

हणजूणकर

माझा कॅमेऱ्याला विरोध आहे, आणि तो तालांवापायी नाही.

उंचावरून मांडीवर रोखलेला कॅमेरा. गाडीत बायका-मुली असतात. कडेवर मूल घेऊन बसलेली बाई शेजारच्या सीटवर असते. प्रत्येक गाडीचा असा फोटो, रात्रीसुद्धा, आणि चालवणाऱ्याला कळतही नाही. सिडनीत पुसतात म्हणे, इथे पुसतील हे कोण बघणार? सर्व्हर कुणाचा? कंत्राटदाराचा पोरगा रात्रपाळीला बसून काय बघेल? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, त्यानंतर असा कॅमेरा लावायचा तर गरज सिद्ध करायला हवी.

त्याच साली गोव्यात ट्रॅफिक सेंटिनल योजना आली होती, आठवते? लोकांनी नियम मोडणाऱ्यांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे आणि पॉइंट जमवून पैसे घ्यायचे. शेजारी शेजाऱ्यावर उठला. आमच्या वाड्यावर एका मुलाला दुकानासमोर घेरून त्याचा फोन हिसकावला होता. फोटो काढण्याच्या मागे पैसा आला की रस्ता सुरक्षित होत नाही, माणसं एकमेकांवर डूख धरतात. कॅमेऱ्याचं कंत्राट जर तालांवाच्या टक्केवारीवर दिलं तर तेच होणार, फक्त माणसाच्या जागी कंपनी.

---

मांडवीकाठ

हणजूणकरबाब, टक्केवारीचा मुद्दा मला पूर्ण पटला. कंपनीला ठरावीक भाडं मिळावं, तालांवांच्या संख्येशी त्याचा संबंध नसावा.

शेजारच्या सीटबद्दल: फोटोतला चालकाच्या बाजूचा भाग सोडून बाकी सगळं यंत्रातच झाकता येतं, माणसासमोर जाण्याआधी. शेजारची बाजू झाकली नसेल तर मंजुरीचा दाखलाच देऊ नये, असं मी लिहीन. तुमचा विरोध तरीही राहील याची कल्पना आहे.

---

हणजूणकर

राहील. पण हे लिहा.

---

कुठ्ठाळीकर_नीला

एक शंका. फोटोच कशाला हवा? मेसेज जाताना फोनमधून लहरी निघतात, त्या बाहेरून पकडता येत नाहीत का? गाडीत बघायलाच नको.

---

सिडनीतला_पेडणेकर

नीलाताई, तो प्रयत्न झालाय. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या कॉमसॉनिक्स कंपनीने २०१४ साली सांगितलं की रडार गनसारख्या यंत्राने मेसेजच्या लहरी आणि बोलण्याच्या लहरी वेगळ्या ओळखता येतील. इंग्लंडात नॉरफोकमध्ये २०१८ला रस्त्याकडेला असा फलक लावला की गाडीत फोन चालू असला की त्यावर फोनवर काट मारलेलं चित्र उजळतं. ब्लूटूथवर बोलत असेल तर ते त्याला वेगळं ओळखता येतं. पण फोन चालवणाऱ्याचा की शेजारच्याचा हे त्याला कळत नाही. त्यामुळे तो नुसती आठवण देतो, दंड करत नाही.

आपल्या कदंबच्या (सरकारी) बसमध्ये पन्नास फोन. फलक सतत उजळलेलाच राहील.

---

वकीलबाई_मडगाव

आणि तिसरा मार्ग अपघातानंतरचा. न्यूयॉर्कमध्ये अपघातात मुलगा गमावलेल्या एका बापाने ‘टेक्स्टालायझर’ची मागणी लावून धरली. अपघाताच्या जागी पोलिसाने फोनला यंत्र जोडायचं, आणि मजकूर न वाचता फक्त त्या मिनिटांत स्क्रीनला बोट लागलं होतं का एवढं बघायचं. २०१६ला विधेयक आलं, यंत्र सेलेब्राइट कंपनीचं. खाजगीपणाच्या आक्षेपांवर ते अडलं. मजकूर वाचत नाही यावर लोकांनी विश्वास ठेवला नाही, आणि पोलिसाच्या हातात आपला उघडा फोन द्यायला मीही कुणाला सांगणार नाही. गंभीर अपघातात कोर्टाच्या हुकमाने, तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. मांडवीताईंनी वर जो पंचनाम्याचा प्रश्न काढला त्याचं उत्तर तिथे आहे: निदान फोन जप्त करून सील करावा आणि त्याची नोंद व्हावी.

---

कोचीत_नोकरी

मूळचा डिचोलीचा, सध्या केरळात. इथे ५ जून २०२३पासून एआय कॅमेऱ्यांचे दंड सुरू झाले. राज्यभर ७२६ कॅमेरे, त्यातले ६७५ हेल्मेट, सीटबेल्ट आणि फोनसाठी. कंत्राटावरून विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. दुचाकीवर आईबापांमध्ये लहान मूल बसलं तर ट्रिपल सीट धरायचं का, यावर तर घराघरांत वाद. पण हेल्मेटचं चित्र बदललं, मागे बसणारीसुद्धा घालते. फोनबाबत तेवढा फरक मला दिसत नाही. हेल्मेट घालायचं तर घरून निघतानाच घालावं लागतं. फोन मात्र कॅमेऱ्याचा खांब लांबून दिसला की खाली जातो आणि पुढच्या वळणावर परत वर येतो.

---

साखळीचो_अर्जुन

म्हणून फिरते हवेत. फलक तालुक्याच्या वेशीवर लावा, कॅमेरा रोज वेगळ्या जागी.

---

पहिलीसीट_फोंडा

मी बसने जाते. खाजगी बसमध्ये चालकाच्या डाव्या हाताला इंजिनच्या झाकणाशेजारची जी सीट असते, तिथे बसून मला सगळं दिसतं. फोन मीटरच्या काचेला टेकवून ठेवलेला असतो. मालकाचा व्हॉइस मेसेज येतो: पुढची बस कुठे आहे, मागची किती मिनिटांवर आहे, टायमिंग का चुकलं. चालक कोपराने स्टिअरिंग दाबून धरतो, दोन्ही अंगठ्यांनी उत्तर लिहितो. खोर्लीच्या उतारावर. गाडीत उभे प्रवासी, दारात कंडक्टर लटकलेला. मी एकदा ‘ओ दादा, आधी पुढे बघा’ म्हटलं. तो चिडला नाही, घाबरलेल्या आवाजात म्हणाला, उत्तर नाही दिलं तर मालक उद्या गाडी देत नाही.

त्याच्यावर कॅमेरा लावून त्याचा दंड काढाल, तो पगारातून जाईल आणि मेसेज येतच राहतील. बसचा तालांव मालकालाही गेला पाहिजे.

बसमध्येच काही बसवता येतं का? बाहेरचा कॅमेरा खोर्लीच्या उतारावर कुठे असणार आहे?

---

आकडेमोड

बसवता येतं आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी. डॅशबोर्डवर चालकाच्या तोंडाकडे बघणारा छोटा इन्फ्रारेड कॅमेरा असतो. तो डोळ्यांची आणि मानेची दिशा मोजतो. नजर रस्त्यावरून खाली गेली आणि ठरावीक वेळ तिथेच राहिली की जोरात वाजतो. युरोपीय संघात जुलै २०२४पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलना हे सक्तीचं आहे, जुलै २०२६पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना. मर्यादा अशी: ताशी ५०च्या वर साडेतीन सेकंद, २० ते ५०मध्ये सहा सेकंद. चेहरा ओळखत नाही, गरजेपलीकडची माहिती साठवत नाही, बाहेर पाठवत नाही, हे त्या नियमातच आहे. हणजूणकरांच्या आक्षेपातला मोठा भाग इथे लागू होत नाही.

फोन फ्लाइट मोडवर असो, वर्तमानपत्र असो, नजर खाली गेली एवढंच त्याला बघायचं असतं. आणि बस वाजायला लागली की पन्नास प्रवाशांना ऐकू येतं.

---

पहिलीसीट_फोंडा

मग बालरथांना (शाळेच्या बसना) आधी बसवा. त्या मुलांना चालकाला ‘पुढे बघा’ म्हणायची हिंमत नसते.

---

दोनचाकी_पर्वरी

+१. बालरथ, मग बस, मग बाकी सगळे.

---

मांडवीकाठ

एवढं सगळं वाचून मसुद्याचा क्रम मी बदलला. सुरुवात बालरथ आणि प्रवासी बसमधल्या वाजणाऱ्या यंत्रापासून. बाहेरचे कॅमेरे फिरते, फलक लावून, पहिले तीन महिने फक्त ताकीदपत्रं. शेजारची सीट झाकलेली, निर्दोष फोटो पुसल्याची नोंद दर महिन्याला जाहीर, कंपनीला ठरावीक भाडं, फोटो तपासणाऱ्याला यंत्राचं उत्तर दाखवायचं नाही. डिलिव्हरी अ‍ॅपला गाडी हलत असताना ऑर्डर दाखवायला बंदी. बसचा तालांव मालकालाही. स्टँडवरच्या फोनला बोट लागलेलं दिसलं तर पहिल्या टप्प्यात फक्त ताकीद, कारण फोटोवरून ते सिद्ध होत नाही. गंभीर अपघातात फोन जप्त करून पंचनाम्यात लिहायचा. भाड्याच्या गाड्यांचं मला अजून सुचलेलं नाही. रेंटवाले दादा, पोर्टलवर नोंद चालकाच्या नावावर हलवायची मागणी तुमच्या शब्दांत लिहून पाठवाल का? तुमची सहीही हवी आहे.

---

रेंटवाला_म्हापसा

पाठवतो. माझ्याबरोबर आणखी चौघांच्या सह्या आणतो. स्कूटरसोबत फोनचा स्टँड फुकट द्यायचा असंही आम्ही ठरवतोय, निदान हातातला फोन हँडलवर तरी जाईल.

---

सिडनीतला_पेडणेकर

ताई, एक राहिलं. यंत्राला शिकवलेले फोटो ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या हवेतले, बहुतेक मोटारींचे. गोव्यात दुचाकी जास्त, अंगावर रेनकोट, हेल्मेटच्या काचेवर पाणी, मोटारीच्या काचेवर आतून वाफ आणि वायपर मध्ये आलेला. कंपनी डिसेंबरात येईल, चकचकीत उन्हात चाचणी देईल आणि सही घेऊन जाईल.

---

मांडवीकाठ

लिहिलं: चाचणी जून ते सप्टेंबरमध्ये, दिवसा आणि रात्री, दुचाकीवर वेगळी, आणि तिचे आकडे मंजुरीच्या आधी ग्रामसभेसमोर. मसुदा रविवारी सकाळी इथेच टाकते, सभेला जाण्याआधी कुणाला काही बदलायचं असेल तर तोवर सांगा.